चौथी गोष्ट

३ जून

आदरणीय डॉक्टरसाहेब,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असेलच. तुमच्या गोळ्यांच्या पुड्यांवर बावीस वर्षं 'सकाळी एक, संध्याकाळी एक' लिहिणारा हा तोच हात आहे. आता जरा थरथरतो, म्हणून ओळी चढावर निघाल्यासारख्या दिसतील. सांभाळून घ्या.

हल्ली पत्र कोण लिहितं, असं म्हणाल. माझा फोन बिघडलाय. समोरच्याचं ऐकू येतं, पण माझं बोलणं पलीकडे जात नाही. दुरुस्तीला टाकायचा आहे.

आधी अभिनंदन. कार्यक्रमाचे साडेतीनशे भाग म्हणजे चेष्टा नाही. शेजारच्या शिंप्याच्या दुकानात बसून पाहिला. मोठा टीव्ही त्याच्याकडेच आहे, पण तो मशीन थांबवेल तर शपथ. दर बुधवारी त्या खडखडाटात तुमचं निम्मं बोलणं मी ओठांवरून ओळखतो. कोट झकास होता. शिंप्याचं मत वेगळं. डावी बाही अर्धा बोट लांब आहे म्हणे, आणि एवढ्या मोठ्या चॅनलला एक धड शिंपी मिळू नये याचं त्याला दोन दिवस वाईट वाटत होतं.

दवाखाना ठीक आहे. दर रविवारी उघडतो, हवा खेळू देतो, तुमची खुर्ची पुसतो, अर्ध्या दाराच्या बिजागरीला तेल घालतो. घरमालक पुन्हा विचारत होते, पाटी काढायची का. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगतो. हे मी त्यांना सात वर्षं सांगतोय. त्यांनाही आता उत्तर नकोच असावं, विचारायची सवय झाली आहे.

त्या अर्ध्या दारापाशी उभा राहिलो की सगळं आठवतं. बाहेर बाकावर वीस माणसं, आत तुम्ही. प्रत्येकाशी मी दोन मिनिटं बोलायचो आणि दारावरून वाकून तुम्हाला चार गोष्टी सांगायचो. वय काय, किती दिवस झाले, कशानं वाढतं, आणि चौथी, माणूस काय लपवतोय. पहिल्या तीन तुम्ही शिकवल्यात. चौथी माझी भर. 'पायरीवरून पडलो म्हणतो, पण हे सांगताना बायकोकडे बघत नाही.' तुम्ही हसायचात, आणि आत गेल्यावर नेमकं तेवढंच विचारायचात. मग मी बाहेर वळून 'पुढचा नंबर!' अशी आरोळी ठोकायचो की कोपऱ्यावरचा सायकलवाला मान वर करायचा. तुम्हाला बावीस वर्षांत एकदाही आवाज चढवावा लागला नाही.

आता कामाचं. शिंप्याबद्दल तुमचा सल्ला हवा आहे. वय चौसष्ट. आवाज बसून सहा महिने झाले. बोलल्यानं वाढतं, हल्ली गिळतानाही टोचतं. मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासला. स्वरयंत्रात गाठ आहे आणि ती चांगली नाही. स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणतात. मग श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून, आणि बोलणं कायमचं बंद. दोन जुलैची तारीख दिली आहे. तो म्हणतो, तिथल्या मोठ्या डॉक्टरांचं ऐकून घेतलं, पण आपल्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही.

सवडीनं कळवा. फार सवडीनं नको.

तुमचा,
कंपाउंडर


११ जून

प्रिय भाऊ,

शिंप्याचं आधी. दुसरा विचारसुद्धा करायचा नाही. ऑपरेशन करायचं आणि दिलेल्या तारखेलाच करायचं. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. आवाजाशिवाय माणूस जगतो, नीट जगतो, मी पाहिलेत असे. त्याला सांगा, मी सांगितलंय.

आता तुमच्याशी भांडतो. फोनची थाप मला मारू नका. मार्चपासून मी पाच वेळा केला. उचलला जातो, पलीकडे कोणीतरी श्वास घेतं, मी 'हॅलो, भाऊ, हॅलो' करत राहतो आणि मग कट. रुसला असाल तर सरळ शिव्या घाला. मी तिथून निघालो त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, किल्ली तेवढी मागून घेतलीत. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

तुमचं पत्र पहारेकऱ्यानं वर आणून दिलं आणि दारातच मला स्वतःची जीभ काढून दाखवली. या इमारतीला चौदा मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावर मला ओळखणारी माणसं. लिफ्टमध्ये गुडघे, गाड्यांच्या तळघरात मूळव्याध. दार लावलं की मात्र 'जेवलात का' विचारायला कोणी नाही. बायको मुलीकडे गेली ती तिकडेच रमली. भांडण नाही, काही नाही. इथं ती मला टीव्हीवरच बघायची, ते काय, तिकडूनही दिसतं म्हणाली.

तुम्हाला ती आजी आठवते? पुडीच्या कागदावर हृदय काढून मी तिला झडपा समजावत होतो आणि तिचा चॅनलमध्ये नोकरी करणारा मुलगा दारात उभा राहून बघत होता. 'दहा मिनिटांसाठी या' म्हणाला. त्या दहा मिनिटांची सात वर्षं झाली. स्टुडिओत माझ्या गळ्यात जो स्टेथोस्कोप असतो तो सामानाच्या खोलीतून मिळतो. परवा जाहिरात चालू असताना सहज स्वतःच्या छातीला लावला. काहीच ऐकू येईना. घाम फुटला, भाऊ. मग आठवलं, तो खोटा आहे, नळी आतून बंद आहे.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो. फेब्रुवारीत कार्यक्रमात एक फोन आला. नाव सांगितलं नाही. आवाज म्हणजे नुसता वारा आणि खरखर. वीस सेकंदांत सगळं सांगून मोकळे झाले, एकही शब्द फुकट नाही. दोन महिने आवाज बसलाय म्हणाले. आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर मी स्वतःच्या हातानं लिहून लावलं होतं, 'आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर घसा आतून तपासून घ्या.' पण कानातल्या यंत्रात निर्मातीबाई मोजत होत्या, दहा, नऊ, आठ. पुढं घशाच्या गोळीची जाहिरात होती. मी म्हणालो, 'काही विशेष नाही. कोमट पाण्याच्या गुळण्या करा, आवाजाला विश्रांती द्या.' ते म्हणाले, 'बरं.'

त्या 'बरं'नं माझं सुख घालवलंय. चॅनलकडे नंबर मागितला, ते नंबर ठेवत नाहीत. दर बुधवारी वाटतं, आज पुन्हा लावतील. लावत नाहीत.

आणि आता तुमचं हे पत्र. फेब्रुवारीत दोन महिने, म्हणजे जूनमध्ये सहा. भाऊ, तो फोन शिंप्यानं केला होता का? मला खरं काय ते कळवा. मला तो माणूस सापडायलाच हवा.

तुमचाच,
डॉक्टर


१७ जून

आदरणीय डॉक्टरसाहेब,

हो. शिंप्यानंच केला होता. तुम्ही शोधत होतात तो माणूस सापडला, आता शांत राहा.

चाळीस मिनिटं फोन धरून बसला होता. गुळण्या अगदी नेमानं केल्या, फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत. भिंतीवरचा तुमचा कागद त्यालाही पाठ होता. पण कागद लिहिणारे तुम्हीच आणि 'काही विशेष नाही' म्हणणारेही तुम्हीच. त्यानं कोणाचं ऐकायचं? त्यानं तुमच्या ताज्या शब्दाचं ऐकलं. यात तुमचा दोष तो धरत नाही. तो म्हणतो, सवयीचा दोष आहे. डॉक्टर म्हणाले की विषय संपला, ही या गल्लीची जुनी सवय.

खरं सांगायचं तर औषध हवं म्हणून त्यानं फोन केलाच नव्हता. दोन शब्द तुमच्याशी बोलायला मिळतील एवढंच मनात होतं. आपल्याला ओळखतील अशीही एक वेडी आशा होती. आपला आवाज किती गेलाय हे ज्याचं त्याला कळत नाही.

तुम्ही ऑपरेशन करा म्हणालात, म्हणजे ते होईल. पण दोन शंका आहेत. जन्मभर लोकांना हाका मारल्या त्या माणसानं नंतर करायचं काय? घरी कोणी नाही. संध्याकाळी भांडी घासताना भांड्यांशी बोलायचं, रेडिओवरच्या माणसाला उलट उत्तरं द्यायची, असा वेळ जातो. तेही जाणार. दुसरी शंका अशी की फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. इथं नातेवाईक नाही. परिचारिका म्हणाली, 'अहो, कोणीतरी असेलच ना.' मग सहीची जागा मोकळी ठेवून तिनं पान उलटलं.

तुम्ही बिझी माणूस. उत्तर नाही आलं तरी चालेल. किल्लीचं मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी मला बोलता येत होतं, पण काय बोलावं ते सुचलं नाही.

तुमचा,
कंपाउंडर


२३ जून

भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. शिंप्याला लोकांना हाका कशाला माराव्या लागतात, हे मला समजेना. म्हणून आज चॅनलच्या जुन्या भागांच्या खोलीत गेलो आणि तो फेब्रुवारीचा भाग काढायला लावला. अकरा वेळा ऐकला.

आवाजाच्या मागं काहीतरी खडखडतंय. आधी वाटलं, लाइन खराब आहे. मग लक्षात आलं, भिंतीपलीकडे शिलाई मशीन चालू आहे. शिंपी माझ्याशी फोनवर बोलत असेल तर त्याची मशीन कोण चालवतंय?

मग शब्द ऐकले. 'वय चौसष्ट. दोन महिने झाले. बोलल्यानं वाढतं.' कोणताही पेशंट आपलं दुखणं असं सांगत नाही. तो भाचीच्या लग्नापासून सुरुवात करतो आणि घशापर्यंत यायला दहा मिनिटं घेतो. या क्रमानं बोलणारा माणूस मला एकच माहीत आहे. तुमच्या पहिल्या पत्रातही तोच क्रम आहे, आणि मी गाढवासारखा शिंप्याला औषध सांगत बसलो.

तीन गोष्टी सांगून तुम्ही थांबलात. चौथी मी विचारायची होती. रेकॉर्डिंगमध्ये तिथं चार सेकंद शांतता आहे. त्या चार सेकंदांत मी कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. माझा स्वतःचा चेहरा मला बघवला नाही.

बावीस वर्षं माझा दवाखाना ज्या आवाजावर चालला तो मला ओळखू आला नाही, भाऊ. फोन बिघडलाय, बोलणं पलीकडे जात नाही, असं तुम्ही लिहिलंत तेही खोटं नव्हतं. माफी मागायला मला लाज वाटते, कारण तुम्ही लगेच देऊन टाकाल.

शनिवारी येतोय. तारीख पुढं ढकलायची नाही. सही मी करीन. निघण्याआधी फोन करीन, तो उचला आणि कट करू नका. तुम्ही बोलायची गरज नाही. मी बोलतो, तुम्ही नुसता कानाला धरून बसा.

डॉक्टर


३० जुलै

प्रिय भाऊ,

इकडे परत येऊन बारा दिवस झाले. जखम कशी आहे? नळी रोज स्वच्छ करता ना? परिचारिकेनं दाखवलं तसंच, शिंप्यानं सुचवलेल्या सुधारणांसह नको.

तुमच्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहितो. त्या फॉर्मवर 'नातं' असा रकाना होता. मी 'धाकटा भाऊ' लिहिलं. परिचारिकेनं वर पाहिलं, टीव्हीतला चेहरा ओळखला आणि दोघांची आडनावं वेगळी कशी ते विचारायचं विसरली. प्रसिद्धीचा मला झालेला हा एकमेव उपयोग.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी तुमच्या खाटेशी बसलो होतो. तुमचा आवाज असलेले शेवटचे काही तास होते. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलाल, मी जन्मभर जपून ठेवीन. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, 'बाही खरंच लांब आहे.' तेच जपून ठेवलंय.

परत आल्यावर पहिल्याच बुधवारी मी कार्यक्रमात सांगून टाकलं. फेब्रुवारीत एका माणसाला मी चुकीचा सल्ला दिला, दहा सेकंद उरले होते म्हणून दिला, आणि त्याचा आवाज कायमचा गेला. कोणाचाही आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर टीव्ही बंद करा आणि घसा दाखवायला जा. कानात आकडे मोजणं चालू होतं, म्हणून यंत्र काढून टेबलावर ठेवलं. किती वेळ बोललो माहीत नाही. जाहिरात उशिरा लागली.

गुरुवारी निरोप आला, कार्यक्रमाला नवा चेहरा हवा आहे. घशाच्या गोळीवाले फार दुखावले म्हणे. नवा डॉक्टर मी पाहिला. बरा आहे, मन लावून ऐकतो, निदान अजून तरी. त्याच्या कोटाच्या बाह्या मापाच्या आहेत, शिंप्याला सांगा. सामानाच्या खोलीतून एक जण येऊन माझ्याकडचा स्टेथोस्कोप परत घेऊन गेला, पावती देऊन.

आता बुधवार मोकळा असतो. तसे सगळेच वार मोकळे. पहारेकऱ्यानं काल मला नमस्कार केला, जीभ दाखवली नाही. लिफ्टमध्ये लोक मजल्यांचे आकडे बघत उभे राहतात. सात वर्षं ज्या गोष्टीला कंटाळलो होतो ती गेली आणि मला करमेनासं झालंय, याला काय म्हणायचं? दुपारी टेबलाशी बसतो आणि जुन्या सवयीनं दाराकडे बघतो. हे दार अख्खं आहे. त्यावरून कोणी वाकून काही सांगत नाही.

मुलगी म्हणते, इकडे या. बघू. घरमालकांना सांगा, पाटी काढायची तर काढा. तुम्ही उगाच त्यांना सात वर्षं तिष्ठत ठेवलंत. माझी काळजी करू नका. मी ठीक आहे. पथ्य पाळा.

तुमचाच,
धाकटा भाऊ


६ ऑगस्ट

डॉक्टरसाहेब,

जखम भरली. नळी स्वच्छ. शिंप्यानं गळ्यावर बांधायला मऊ कापडाचे सहा रुमाल शिवून दिलेत आणि प्रत्येकाला एक खिसा लावलाय. खिसा कशाला, असं वहीत लिहून विचारलं, तर म्हणाला, पेन ठेवायला. हनुवटीला टोचतं, पण मन मोडवत नाही, म्हणून ठेवतो.

बोलणं गेल्याचा त्रास होतो, तुमच्यापासून लपवत नाही. परवा गल्लीत एक ओळखीचा माणूस पाठमोरा दिसला. हाक मारायला छाती भरून घेतली आणि सगळी हवा रुमालातून निघून गेली. तो वळून गेला. मी बराच वेळ तिथंच उभा होतो. भांड्यांशी अजून बोलतो, ओठ हलवून. त्यांना फरक पडलेला दिसत नाही.

तो बुधवारचा भाग आम्ही पाहिला. तुम्ही बोलायला लागलात आणि शिंप्यानं मशीन थांबवली. सात वर्षांत पहिल्यांदा तुमचं पूर्ण बोलणं मला ऐकू आलं. संपल्यावर तो तोंड फिरवून सुईत दोरा ओवत बसला. तीनदा चुकला.

तुमचं पत्र मी दवाखान्यात अर्ध्या दारापाशी उभं राहून वाचलं. वाचता वाचता जुनी खोड जागी झाली. पेशंट माझ्यासमोर आणि आतली खुर्ची रिकामी. आता सांगणार कोणाला, म्हणून तुम्हालाच सांगतो.

वय अठ्ठावन्न. सात वर्षं झाली. घराचं दार लावलं की वाढतं. चौथी गोष्ट, पाटी काढा म्हणतो, पण ती काढलेली त्याला सोसणार नाही.

घरमालकांना मी वहीत लिहून दाखवलं, डॉक्टरांना विचारून झालं, पाटी राहणार. ते जरा हिरमुसले. आता काय विचारायचं, असा त्यांना प्रश्न पडलाय.

खुर्ची पुसली आहे. बाक कुरकुरत होता, त्याचे खिळे ठोकून घेतले. तुमचा जुना स्टेथोस्कोप खणात होता तो मी स्वतःच्या छातीला लावून पाहिला, नळी मोकळी आहे, चांगलं ऐकू येतं. चार गोष्टी मी चिठ्ठीवर लिहून दारावरून आत देईन. अक्षर चढावर जाईल, पण तुम्हाला लागेल. तेव्हा या.

एकच अडचण आहे. पुढचा नंबर तुम्हालाच पुकारावा लागेल. सवय नाही, माहीत आहे. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत गेला पाहिजे.

तुमचा,
मोठा भाऊ